सकाळचे थंड इंजिन आणि त्याला हवे असलेले ऑइल

पहिली गाडी घरी आली की नव्या मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. शेजारचे काका सांगतात की सकाळी गाडी निदान दहा मिनिटे जागेवर चालू ठेवावी, चांगली गरम होऊ द्यावी आणि मगच रस्त्यावर काढावी. गॅरेजमधले मिस्त्री सांगतात की आपल्याकडच्या उन्हाळ्याला जाड ऑइलच हवे, कंपनी सांगते ते पाण्यासारखे ऑइल इथे टिकत नाही. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि एके काळच्या गाड्यांसाठी ते योग्यही होते. परंतु आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ते लागू पडत नाहीत. ते का लागू पडत नाहीत हे एकदा समजले की ऑइलची निवड आणि इंजिन गरम करणे हा मुळात एकच प्रश्न आहे हे लक्षात येते. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या प्रत्येक भागापर्यंत ऑइल किती लवकर पोहोचते, आणि पोहोचल्यावर किती लवकर आपल्या कामाच्या दाटपणाला येते, हा तो प्रश्न.

इंजिन बंद केल्यावर वरच्या भागांतले बहुतेक ऑइल ओघळून खाली चेंबरमध्ये जमा होते आणि बेअरिंग, कॅमशाफ्ट, सिलिंडरच्या भिंती यांवर केवळ एक पातळ थर उरतो. सकाळी सेल्फ मारल्यानंतर पंपाने ऑइल ओढून वरपर्यंत दाबाने पोहोचवेपर्यंतचे काही क्षण इंजिन त्या उरलेल्या थरावर चालते, आणि पुढची काही मिनिटे त्याला मिळणारे ऑइल गरजेपेक्षा कितीतरी दाट असते. किती दाट, हे आकड्यांत पाहिले म्हणजे जाड आणि पातळ या शब्दांचा गोंधळ मिटतो. ऑइलचा दाटपणा सेंटिस्टोक या एककात सांगतात. ०डब्ल्यू-२० या आजच्या पातळ समजल्या जाणाऱ्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला साधारण ८ ते ९ असतो, पण ४० अंशांना तोच ४५ च्या आसपास जातो. १५डब्ल्यू-४० या जाड ऑइलचा दाटपणा १०० अंशांना १४ ते १५ आणि ४० अंशांना १०० च्याही वर असतो. म्हणजे नागपुरातल्या मे महिन्याच्या सकाळीसुद्धा, नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनातले ‘पातळ’ ऑइल हे तापलेल्या इंजिनातल्या ‘जाड’ ऑइलच्या तिपटीहून अधिक दाट असते. थंड इंजिनात ऑइल कधीच पातळ नसते. ते नेहमी जास्तच दाट असते, आणि जाड ऑइल निवडल्याने ही अडचण फक्त वाढते.

ऑइल निवडताना पहिली पायरी: गाडीचे पुस्तक

गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक उघडून त्यातले इंजिन ऑइलचे पान शोधावे. त्या पानावर तीन गोष्टी असतात: दाटपणाची श्रेणी, गुणवत्तेचा दर्जा आणि चेंबरमध्ये किती लिटर ऑइल बसते तो आकडा. जुनी गाडी घेतली असेल आणि पुस्तक मिळाले नसेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते मिळते. मात्र आपले मॉडेल, इंजिन आणि निर्मितीचे वर्ष नेमके जुळवून पाहावे, कारण एकाच नावाच्या गाडीत काही वर्षांनी वेगळे इंजिन आलेले असू शकते. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. गॅरेजमध्ये उभे असताना तो इतर कोणत्याही मतापेक्षा उपयोगी पडतो.

दाटपणाची श्रेणी अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या पद्धतीने लिहितात. ५डब्ल्यू-३० याचा अर्थ ५ ते ३० अंश तापमानात चालणारे ऑइल, असा अनेकांचा समज असतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे. यातले डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके थंड इंजिनात ते लवकर धावते. ०डब्ल्यू वर्गाची परीक्षा उणे ३५ अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि १५डब्ल्यूची उणे २० ला. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा दाखवतो आणि तो १०० अंशांना मोजतात. महाराष्ट्रात उणे ३५ अंश कुठे येतात, मग ०डब्ल्यू कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर असे की लहान आकड्याचे ऑइल निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे आणि चंद्रपूरच्या एप्रिलमधल्या सकाळीही वरच्या भागांपर्यंत इतरांपेक्षा लवकर पोहोचते आणि पंपावरचा भारही कमी ठेवते.

आता उन्हाळ्याचा मुद्दा. बाहेर ४५ अंश तापमान असो वा १५, चालत्या इंजिनातल्या कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान थर्मोस्टॅट ९० अंशांच्या जवळपास राखतो, आणि ऑइलही साधारण त्याच पट्ट्यात किंवा थोडे वर काम करते. विदर्भातला उन्हाळा ऑइलला जाणवत नाही असे नाही, पण मिस्त्री समजतात तितका तो जाणवत नाही. बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, व्हॉल्व्हच्या वेळा बदलणाऱ्या यंत्रणेतली बारीक छिद्रे हे सारे ठरावीक दाटपणा धरून आखलेले असते. अलीकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेले असते. अशा इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले तर ते बंद पडणार नाही, पण सकाळी ऑइल उशिरा चढेल, ॲव्हरेज घटेल आणि ती छिद्रे व वाटा ज्या ऑइलसाठी बनवल्या ते त्यांना मिळणार नाही. काही कंपन्या पुस्तकात तापमानानुसार दोन-तीन श्रेणींचा तक्ता देतात. इंजिन जुने झाले असेल, ऑइल थोडे खात असेल किंवा गाडी कायम भरलेली धावत असेल, तर त्या तक्त्यातली अधिक जाड श्रेणी घेण्यास माझी हरकत नाही. तक्त्याबाहेर मात्र जाऊ नये.

अक्षरांचा अर्थ

डब्यावर श्रेणीइतकीच महत्त्वाची असते ती गुणवत्तेची खूण, आणि नवे मालक नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय ही संस्था पेट्रोल इंजिनासाठी एस अक्षराने आणि डिझेल इंजिनासाठी सी अक्षराने सुरू होणारे दर्जे देते. पेट्रोलमध्ये एसएन हा दर्जा २०१० साली आला, एसपी २०२० मध्ये आणि एसक्यू २०२५ मध्ये. नवा दर्जा आधीच्या दर्जाच्या जागी चालतो, उलट चालत नाही. पुस्तकात एसपी लिहिले असताना दुकानात स्वस्तात पडून असलेले एसएल किंवा एसएम घेऊ नये. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, बसवलेल्या आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत हा फरक विशेष जाणवतो, कारण कमी वेगात जास्त ओढ घेतली जात असताना ठिणगीच्या आधीच इंधन पेट घेण्याचा धोका या इंजिनांत असतो, आणि तो रोखण्याची परीक्षा एसपी दर्जात घेतलेली असते.

डिझेल गाडीच्या मालकाने अधिक सावध राहावे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. ही गाळणी साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळून टाकते, परंतु ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांपासून जी राख होते ती जळत नाही. ती गाळणीत कायमची साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचे ऑइल लागते. ते एसीईए या युरोपीय दर्जाच्या सी२, सी३ यांसारख्या खुणांनी किंवा कंपनीच्या स्वतःच्या क्रमांकाने ओळखावे. ट्रकच्या जुन्या इंजिनांसाठी असलेले जाड डिझेल ऑइल ‘डिझेल म्हणजे डिझेल’ असे म्हणून अशा गाडीत टाकले, तर वाचलेल्या काही शे रुपयांच्या बदल्यात अत्यंत महागडी गाळणी लवकर तुंबते. मोटरसायकलचे ऑइलही मोटारीत टाकू नये आणि मोटारीचे मोटरसायकलमध्ये तर मुळीच टाकू नये, कारण बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो.

मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि सिंथेटिक यांच्यावर बरीच चर्चा चालते. पुस्तकातली श्रेणी आणि दर्जा पाळला की हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, कारण ०डब्ल्यू वर्गातली बहुतेक ऑइले सिंथेटिकच असतात. सिंथेटिक ऑइल थंडीत अधिक सहज वाहते आणि उष्णतेने लवकर खराब होत नाही. महाग आहे म्हणून ते दोन वर्षे चालवावे हा हिशेब मात्र चुकतो. भारतात बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, असा बदलाचा काळ सांगितलेला असतो. त्यातला वर्षाचा भाग गाडी कमी चालवणाऱ्यांसाठीच आहे. धूळ, सततचे ट्रॅफिक आणि छोट्या फेऱ्या यांसाठी पुस्तकात ‘कठीण परिस्थिती’चे वेगळे वेळापत्रक असते, आणि मुंबई-पुण्याच्या गर्दीत रोज चालणाऱ्या गाडीने तेच वेळापत्रक आपले मानावे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडून किंवा खात्रीच्या दुकानातून करावी, बिल घ्यावे, झाकणाची सील आणि पॅकिंगची तारीख पाहावी. ब्रँडेड डबे रिकामे झाल्यावर त्यांत हलक्या प्रतीचे ऑइल भरून विकण्याचा प्रकार चालतो. त्यामुळे बदलाच्या वेळी स्वतः उभे राहावे, सील आपल्यासमोर फोडून घ्यावी आणि रिकाम्या डब्याला छिद्र पाडूनच तो टाकावा. ऑइलबरोबर फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशर नवा घालावा. निघालेले काळे ऑइल गटारात किंवा मातीत जाऊ देऊ नये; वापरलेले ऑइल हा कायद्याने घातक कचरा आहे आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ते देणाऱ्या गॅरेजमध्येच काम करून घ्यावे.

सकाळी गाडी सुरू करताना

आमच्या घरी वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती. तिचा चोक ओढायचा, दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबायचा, सेल्फ मारायचा आणि मग चोक हळूहळू आत ढकलत इंजिन स्थिर होण्याची वाट पाहायची, हा सकाळचा विधी मी लहानपणी रोज पाहिला आहे. त्या गाडीला तो आवश्यकच होता. कार्बोरेटर थंड असताना हवा आणि पेट्रोलचे प्रमाण नीट जुळवू शकत नसे आणि गरम न होता निघालेली गाडी चौकात बंद पडे. पुढे मी स्वतःची गाडी घेतली ती इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी संगणकाने पेट्रोल मोजून फवारणारी, पण सवय तीच ठेवली. इमारतीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून मी दोन किलोमीटरवरच्या स्टेशनपर्यंत जात असे. पहिल्या पावसाळ्यानंतर ऑइल भरायचे झाकण उघडले तर आतून लोण्यासारखा पिवळट थर बसलेला. कूलंट ऑइलमध्ये मिसळला असे वाटून मी घाबरलो. कूलंटची पातळी तसूभरही कमी झालेली नव्हती. दोष माझ्या दिनक्रमात होता. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तितकेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून चेंबरमध्ये येते, आणि ऑइल पुरेसे तापलेच नाही तर ती उडून न जाता पाणी होऊन तिथेच ऑइलमध्ये मिसळते.

जागेवर चालणारे इंजिन फारशी उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे ते हळू तापते आणि थंडपणाचा जो काळ आपल्याला कमी करायचा असतो तोच लांबतो. थंड असताना इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली जाऊन ऑइललाच पातळ करते. शिवाय बंदिस्त पार्किंगमध्ये चालू ठेवलेल्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो. जर्मनीत तर गाडी गरम करण्यासाठी विनाकारण इंजिन चालू ठेवण्यास वाहतूक नियमांनीच मनाई आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. चावी किंवा बटण पहिल्या टप्प्यावर आणून दिवे उजळू द्यावेत. डिझेल गाडीत कॉइलचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबावे. एसी बंद ठेवावा, क्लच दाबावा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सुरू करावी. किटलीसारखे चित्र असलेला लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. तो विझला नाही, किंवा पुढे चालताना कधीही लागला, तर तत्क्षणी सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे, कारण तो दिवा ऑइलचा दाब नाही असे सांगत असतो आणि ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ एवढ्या अंतरात इंजिन जाम होऊ शकते.

दिवा विझल्यावर वीस ते तीस सेकंद पुरतात. तेवढ्यात सीटबेल्ट लावून होतो आणि आरसे पाहून होतात. टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या तबकडीवर, १,२०० ते १,५०० पर्यंत चढलेला काटा हळूहळू उतरू लागलेला दिसेल. तो पूर्ण खाली येण्याची वाट पाहायची गरज नाही. या काळात इंजिनाला रेस देऊ नये. महाबळेश्वरच्या डिसेंबरमधल्या पहाटेही एक मिनिट पुष्कळ झाले. लडाखला किंवा कॅनडासारख्या देशात राहणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. तिथे काचेवरचा बर्फ काढण्यात वेळ जातोच आणि कडक थंडीच्या भागांत इंजिन आधीच कोमट ठेवणारा विजेचा ब्लॉक हीटर वापरतात.

खरे गरम होणे रस्त्यावर होते. पहिली काही किलोमीटर पेट्रोल इंजिन २,५०० आणि डिझेल २,००० फेऱ्यांच्या आत ठेवावे, ॲक्सिलरेटर हळुवार दाबावा, एकदम पिकअप घेऊ नये. याचा अर्थ चौथ्या गिअरमध्ये रखडत जावे असा नाही; कमी वेगात मोठा गिअर घालून इंजिनाला धडधडायला लावणे थंड बेअरिंगला तितकेच वाईट. अनेक लहान गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, त्याऐवजी इंजिन थंड असताना निळा दिवा दिसतो. तो विझला की बरेच जण मोकळे सुटतात, पण तो दिवा कूलंटबद्दल बोलतो, ऑइलबद्दल नाही. ऑइल कूलंटच्या बरेच मागून तापते, म्हणून निळा दिवा विझल्यानंतरही आणखी चार-पाच किलोमीटर संयम ठेवावा.

घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. पोलादपूर, कसारा किंवा खोपोलीला मुक्काम करून सकाळी लगेच चढाला लागायचे असेल, तर इंजिन थंड असतानाच त्याच्यावर सर्वांत मोठा भार येतो. शक्य असल्यास आधी सपाट रस्त्यावर, पेट्रोल भरण्याच्या किंवा चहाच्या निमित्ताने, गाडी थोडी फिरवून घ्यावी. ते जमत नसेल तर खालच्या गिअरमध्ये, घाई न करता, एसी बंद ठेवून चढावे. टर्बो गाडी चढ संपवून माथ्यावर थांबली की उलट काळजी घ्यायची असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेत असतो आणि ऑइलच्याच थरावर तरंगत असतो. इंजिन झटकन बंद केले तर तिथले ऑइल जागीच तापून करपते. अर्धे ते एक मिनिट इंजिन जागेवर चालू ठेवून मग बंद करावे. गावात सावकाश चालवून घरी आलेल्या गाडीला याची गरज नसते.

रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरची असेल, तर आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची सलग फेरी मारावी, म्हणजे साठलेले पाणी आणि पेट्रोल उडून जाते. माझ्या गाडीच्या झाकणाखालचा थर एका पुणे-सातारा फेरीत नाहीसा झाला.

डिपस्टिक

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी ऑइलची पातळी स्वतः पाहावी. गाडी सपाट जागी लावून, तापलेले इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, काढून पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून वाचावी. दोन खुणांमधले अंतर बऱ्याच गाड्यांत साधारण एक लिटरचे असते. पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर थोडे-थोडे ओतून पुन्हा तपासावे. वरच्या खुणेच्या वर गेले तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करते आणि दाब नीट राहत नाही, त्यामुळे जास्तीचे काढून टाकावे. रंगावरून निष्कर्ष काढू नयेत. डिझेलचे ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळे होते, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. सीएनजी गाडीचे ऑइल मुदत संपली तरी स्वच्छ दिसते.

डीपीएफ असलेल्या डिझेल गाडीत मात्र एक वेगळीच गोष्ट घडते, आणि ती माहीत नसल्याने अनेक जण उलट खूश होतात: पातळी कमी होण्याऐवजी वाढते. गाळणीतली काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचे डिझेल सोडते, आणि ती प्रक्रिया शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरत जाते. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख न पाहता ऑइल व फिल्टर लगेच बदलून घ्यावेत, आणि गाळणीचा दिवा लागल्यावर गाडी बंद न करता पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर तो विझेपर्यंत चालवावी.